खांद्यासमोरच्या गाठीकडे दुर्लक्ष करू नका : गोचीड ताप कसा ओळखायचा, उपचार काय करायचा

मागच्या वर्षी पावसाळ्यात आमच्या शाळेतली सातवीची एक मुलगी सलग चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी आली आणि बाकावर बसायच्या आधीच म्हणाली, "आपा, गाय गेली." पुढे काही बोललीच नाही.

संकरित जर्सी गाय होती. तिच्या अम्मीने बचत गटाच्या कर्जातून घेतलेली. सकाळ-संध्याकाळचं दूध डेअरीवर जायचं आणि त्यावर घरखर्च, कर्जाचा हप्ता आणि दोन्ही मुलींच्या वह्या-पुस्तकांचं भागायचं. गाय गेली, पण हप्ता राहिला.

मी त्या घरी गेले तेव्हा सगळी हकीकत कळली. पहिल्या दिवशी गाईने चारा सोडला. दुसऱ्या दिवशी दूध निम्म्यावर आलं. गावात येणाऱ्या एकाने "साधा ताप आहे" म्हणून तीन दिवस तापाची सुई दिली. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं विषारी गवत खाल्लं. पाचव्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा गाय उठत नव्हती. डॉक्टरांनी तिच्या खांद्यासमोर हात ठेवला, मोठी गाठ दाखवली आणि विचारलं, "ही कधीपासून आहे?" घरातल्या कोणालाच सांगता आलं नाही.

त्या आजाराचं नाव गोचीड ताप. डॉक्टरांच्या भाषेत थायलेरिओसिस. मी विज्ञान शिकवते, जनावरांची डॉक्टर नाही. पण त्या दिवसानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. रिठदसारख्या गावात ज्यांच्या घरी एक-दोन गाई किंवा चार बकऱ्या आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

हा आजार आहे तरी काय?

मलेरिया आपल्याला माहीत आहे. डास चावतो, त्याच्या लाळेतून एक सूक्ष्म परजीवी रक्तात जातो आणि ताप येतो. गोचीड तापही त्याच जातीचा. फक्त इथे डासाच्या जागी गोचीड आहे आणि माणसाच्या जागी जनावर.

एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगते. डासातून मलेरिया पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये सिकंदराबादला मिळाला. पण त्याच्या चार वर्षं आधी, १८९३ मध्ये, अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवून दिलं होतं की गुरांचा रक्तातला एक ताप गोचिडीतून पसरतो. म्हणजे छोटा जीव आजार वाहून नेतो, हे विज्ञानाला गोठ्यातल्या आजारातून आधी कळलं. ज्या जंतूवर त्यांनी काम केलं त्याचं नाव बॅबेसिया. रोमानियाच्या व्हिक्टर बाबेश यांनी तो १८८८ मध्ये पाहिला होता, म्हणून त्यांचं नाव.

आपल्याकडे गुरांमध्ये असे दोन आजार मुख्य आहेत.

पहिला थायलेरिओसिस. याचा जंतू आधी पांढऱ्या पेशींत शिरतो. शरीरातल्या लसिका गाठींत या पेशी भरपूर असतात, म्हणून गाठी सुजतात. मग तो तांबड्या पेशींत जातो, त्या नष्ट होतात आणि जनावराचं रक्त कमी होतं.

दुसरा बॅबेसिओसिस. याचा जंतू थेट तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. फुटलेल्या पेशींतला लाल रंग लघवीतून बाहेर पडतो. लघवी कॉफीसारखी किंवा गडद लाल होते. म्हणून काही ठिकाणी याला "लाल लघवीचा आजार" म्हणतात.

दोन्ही गोचिडीतूनच येतात, पण दोघांचं औषध वेगळं आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोणाला जास्त धोका?

जर्सी, होल्स्टीन आणि त्यांच्या संकरित गाईंना थायलेरिओसिसचा धोका सगळ्यात जास्त. आपली गावरान गाय आणि म्हैस पिढ्यान्‌पिढ्या या गोचिडींसोबत राहिली आहे, त्यामुळे त्यांना आजार सहसा सौम्य होतो किंवा दिसतही नाही. पण त्यांच्या रक्तात जंतू असू शकतो, आणि तिथून गोचिडीमार्फत तो शेजारी बांधलेल्या संकरित गाईपर्यंत पोहोचतो. "आमच्या म्हशीला तर काही झालं नाही, मग गाईला कसं झालं?" याचं उत्तर हे आहे.

थायलेरिओसिसमध्ये लहान वासरंही लवकर दगावतात. बॅबेसिओसिस मात्र उलट वागतो. वासरं बऱ्याचदा निभावून जातात आणि मोठ्या जनावराला तो जड जातो.

उन्हाळ्याच्या शेवटापासून पावसाळा संपेपर्यंत गोचिडी वाढतात. त्याच महिन्यांत जास्त जागरूक राहायचं.

ओळखायचं कसं?

गोचीड चावल्यावर साधारण एक ते तीन आठवड्यांत लक्षणं दिसतात. थायलेरिओसिसची लक्षणं अशी:

ताप. निरोगी गाईचं तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइटच्या आसपास असतं. या आजारात ते १०४ ते १०६ पर्यंत, कधी त्याच्याही वर जातं. साध्या तापाच्या औषधाने थोडं उतरतं आणि पुन्हा चढतं.

गाठ. खांद्याच्या पुढे, मान जिथे खांद्याला मिळते तिथे, दोन्ही बाजूंना हात फिरवून बघा. निरोगी जनावरात ही गाठ जेमतेम हाताला लागते. आजारात ती लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी होते. कानाखाली आणि मागच्या पायाच्या वर कुशीतही गाठ येऊ शकते.

चारा आणि दूध. रवंथ कमी होतो, चारा सुटतो, दूध एकदम उतरतं.

श्वास. जनावर धापा टाकतं, खोकतं, नाकातून पाणी येतं. इथेच बऱ्याच लोकांची फसगत होते. त्यांना न्यूमोनिया वाटतो.

डोळे. खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा. गुलाबी असेल तर ठीक. फिकट, पांढरट किंवा पिवळसर असेल तर रक्त कमी झालं आहे. डोळ्यातून पाणी येतं, वासरांत डोळे सुजून बाहेर आल्यासारखे दिसतात.

गाभण गाय असेल तर गर्भपात होऊ शकतो.

बॅबेसिओसिसमध्येही तेज ताप असतो आणि पापणी फिकट पडते. पण तिथे मुख्य खूण लाल लघवी. गाठी तशा सुजत नाहीत.

आता कोणी म्हणेल, आपा, एवढं सगळं कोण बघणार? माझं म्हणणं इतकंच की दूध काढताना रोज तीन गोष्टी करा: खांद्यासमोर हात फिरवा, पापणी बघा, लघवीचा रंग बघा. एक मिनिट लागतं. घरात एक थर्मामीटर फक्त जनावरांसाठी ठेवा. गुदद्वारात एक-दोन मिनिटं ठेवून तापमान बघायचं आणि नंतर साबणाने धुवायचं.

खात्री रक्ताच्या तपासणीनेच

लक्षणांवरून अंदाज येतो, खात्री होत नाही. डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरवतात, त्यावर रंग टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. थायलेरियाचा संशय असेल तर सुजलेल्या गाठीतूनही सुईने थोडा द्रव घेतात.

काचपट्टी औषध द्यायच्या आधी करून घ्यायची. एकदा सुया सुरू झाल्या की जंतू दिसणं कठीण होतं. गावात सूक्ष्मदर्शक नसेल तर काचपट्टी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेता येते. आपल्या विभागात अकोल्याला पशुवैद्यक व पशुविज्ञानाची पदव्युत्तर संस्थाही आहे. मात्र जनावर गंभीर असेल तर डॉक्टर काचपट्टी घेऊन लगेच उपचार सुरू करतात, अहवालाची वाट बघत बसत नाहीत. ते बरोबरच आहे.

डॉक्टर बोलवायला १९६२ या क्रमांकावर फोन करा. हा पशुवैद्यकीय सेवेचा मोफत क्रमांक आहे, त्यावरून फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं. जनावराच्या कानात १२ अंकी बिल्ला असेल तर नोंदीचं काम सोपं होतं. नसेल तर मारून घ्या.

उपचार : कोणत्या आजाराला कोणतं औषध

थायलेरिओसिसवर खास औषध आहे बुपारव्हाक्वोन. ते स्नायूत सुईने देतात. बॅबेसिओसिसवर डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब देतात. डिमिनाझिनने थायलेरिया मरत नाही. आणि नुसत्या तापाच्या सुईने या दोन्हींतलं काहीच बरं होत नाही. तापाची सुई फक्त अंग थंड करते, आतला जंतू आपलं काम करत राहतो. त्या मुलीच्या गाईचे तीन दिवस असेच गेले.

बुपारव्हाक्वोनचा डोस वजनावर ठरतो, दर किलोला २.५ मिलीग्राम. माझ्या मुलांना मी हे गणित घातलं होतं: गाय ३०० किलोची असेल तर ७५० मिलीग्राम लागेल. एका मिलीलीटरमध्ये ५० मिलीग्राम औषध असेल तर किती मिलीलीटर? उत्तर १५. आता कोणी पैसे वाचवायला पाच मिलीलीटर देऊन गेला तर काय होईल, हे मुलांनीच सांगितलं. जंतू पूर्ण मरणार नाही, आणि औषधही वाया जाणार. हे गणित तुम्ही स्वतः सुई द्यावी म्हणून सांगितलेलं नाही. डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावा म्हणून सांगितलं. औषध महाग आहे हे खरं, पण अर्धा डोस त्याहून महाग पडतो.

सुरुवातीच्या दिवसांत औषध मिळालं तर बहुतेक जनावरं सावरतात. तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्यावर तेच औषध कमी पडतं, कारण जंतू मेला तरी रक्त लगेच भरून येत नाही. अशा वेळी डॉक्टर लोह, जीवनसत्त्वं, सलाईन देतात, आणि गरज पडली तर दुसऱ्या निरोगी जनावराचं रक्तही चढवतात.

आजारी जनावराला सावलीत बांधा. पाणी समोर ठेवा, हिरवा मऊ चारा थोडा थोडा द्या. कामाला जुंपू नका, दूर चालवू नका. बरं झालेल्या जनावराच्या रक्तात जंतू थोड्या प्रमाणात राहू शकतो, म्हणून त्याच्या अंगावर गोचीड दिसू देऊ नका.

गोचीड कशी रोखायची?

थायलेरिया पसरवणारी गोचीड आयुष्यभर जनावराच्या अंगावर राहत नाही. रक्त पिऊन ती खाली पडते आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटीत, शेणमातीत लपते. तिथेच मादी हजारो अंडी घालते. म्हणून फक्त गाईच्या अंगावर औषध लावून भागत नाही. अर्धी फौज भिंतीत असते.

भिंतीच्या भेगा सिमेंटने किंवा मातीने बुजवा आणि चुना मारा. शेण, ओला चारा, जुनं गवत गोठ्यात साचू देऊ नका. कोंबड्या गोठ्यात फिरू द्या, त्या गोचिडी टिपून खातात. मात्र औषध फवारलं असेल तर कोंबड्यांना काही दिवस दूर ठेवा.

अंगावरच्या गोचिडी रोज काढा. याच्यामागे एक कारण आहे. गोचीड चिकटल्याबरोबर थायलेरियाचा जंतू आत जात नाही. तिच्या लाळेत तो तयार व्हायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे रोज संध्याकाळी कान, कास, शेपटीखाली आणि मांडीच्या आत बघून गोचिडी काढल्या, तर आजार होण्याआधीच धागा तुटतो. यात पैसा लागत नाही, फक्त हात लागतो.

काढताना चिमट्याने कातडीजवळ धरा आणि सरळ ओढा. नखाने चिरडू नका, दगडाने ठेचू नका. रॉकेल किंवा साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका आणि हात धुवा.

फवारणीसाठी डॉक्टर सांगतील तेच औषध, सांगतील तितक्याच पाण्यात वापरा. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही जनावरांसाठी मिळणारी औषधं आहेत. अंड्यांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागतं. कपाशीवर मारायचं औषध उरलं म्हणून गाईला चोळणं हा जीवघेणा खेळ आहे. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात शेतातल्या फवारणीने विषबाधा होऊन माणसं दगावली, ते आपण विसरलो नाही. गाय ते औषध चाटते, आणि त्याच गाईचं दूध आपली मुलं पितात.

बाजारातून नवीन जनावर आणलं तर दोन-तीन आठवडे वेगळं बांधा. गोचिडी काढा, तापमान बघा, मगच बाकीच्यांत मिसळा.

थायलेरिओसिसवर लसही आहे. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सची रक्षाव्हॅक-टी. ती दोन महिन्यांपेक्षा मोठ्या वासरांना आणि संकरित गाईंना देतात. लसीत कमजोर केलेला जिवंत जंतू असतो, म्हणून ती अतिशय थंड ठेवावी लागते आणि प्रत्येक गावात मिळतेच असं नाही. गाभण गाय असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पाच-सहा संकरित गाई असलेल्या घरांनी मिळून मागणी केली तर आणणं सोपं जातं.

बकऱ्या आणि बकरी ईद

बकऱ्यांनाही गोचिडी होतात आणि रक्तातले असे जंतूही होतात. बऱ्याचदा आजार सौम्य असतो, पण अंगावर गोचिडी खूप असतील तर नुसत्या रक्त पिण्यानेच बकरी खंगते. पापणीचा रंग इथेही बघा. बकरीचं तापमान गाईपेक्षा थोडं जास्त, १०२ ते १०३ च्या आसपास असतं, म्हणून १०३ पाहून घाबरू नका.

कुर्बानीसाठी बोकड घेताना आपण दात बघतो, शिंग बघतो, लंगडत नाही ना ते बघतो. उघडपणे आजारी जनावर कुर्बानीला चालत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. मग त्याच वेळी पापणी ओढून बघा आणि कानात, मांडीत गोचिडी आहेत का तेही बघा. बोकड ईदच्या आदल्या रात्री आणण्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे आधी आणला तर त्याला बघायला वेळ मिळतो. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा: गेल्या महिन्याभरात कोणती सुई दिली का? औषधाचा अंश काही काळ मांसात राहतो. किती दिवस थांबायचं ते औषधागणिक बदलतं, डॉक्टरांना विचारा. दुधाचंही तसंच. उपचार चालू असताना दूध कधीपासून घरात किंवा डेअरीवर द्यायचं, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

माणसाला होतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला गेला, विशेषतः आयांकडून. गाईच्या थायलेरिओसिसचा जंतू माणसाला होत नाही, दुधातूनही नाही. दूध उकळूनच प्यायचं, ते इतर आजारांसाठी. बॅबेसियाच्या काही वेगळ्या जाती माणसाला होतात. अशी पहिली नोंद १९५७ मध्ये तेव्हाच्या युगोस्लाव्हियातली आहे, आणि आज असे रुग्ण जास्त करून अमेरिकेच्या ईशान्य भागात सापडतात. भारतात ते फार दुर्मिळ आहेत.

पण गोचीड माणसाला अगदी निरुपद्रवी आहे असंही नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ मध्ये गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाने माणसं आजारी पडली. २०११ मध्ये गुजरातेत क्रायमियन-काँगो ताप आढळला. तोही गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या रक्तातून माणसाला होतो. २०१८ मध्ये आपल्या विदर्भात, नागपूर भागात, गोचिडीसारख्याच बारीक किड्याच्या चावण्याने होणाऱ्या स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले. या आजारांचे जंतू वेगळे, औषधंही वेगळी. म्हणून घरात कोणाला तेज ताप आला तर डॉक्टरांना न विसरता सांगा: "आमच्याकडे जनावरं आहेत, गोचीड चावली होती." हे एक वाक्य डॉक्टरांचा बराच वेळ वाचवतं. कुर्बानीच्या वेळी हातमोजे घालावेत, हाताला जखम असेल तर दुसऱ्याला काम द्यावं, आणि लहान मुलांना गोचिडी काढायला बसवू नये.

त्या घरात पुढे काय झालं?

गाय गेल्यावर गोठ्यात तिची एक कालवड राहिली होती. मी वर्गात हा धडा घेतला, फळ्यावर गाईचं चित्र काढून गाठ कुठे असते ते दाखवलं. ती मुलगी घरी गेली आणि तिने एक वही केली. रोज संध्याकाळी कालवडीचं तापमान, पापणीचा रंग, किती गोचिडी काढल्या, सगळं लिहायला लागली.

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी वहीत आकडा आला १०४.६. तिने खांद्यासमोर हात ठेवला, गाठ लागली. तिच्या अब्बूंना वाटलं सकाळपर्यंत थांबावं. तिने थांबू दिलं नाही, त्यांच्याच फोनवरून डॉक्टरांना गाठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, काचपट्टी घेतली, थायलेरिया निघाला. वजन करून पूर्ण डोस दिला. चार-पाच दिवसांनी कालवडीने चारा धरला. अल्हमदुलिल्लाह, ती आज गोठ्यात उभी आहे.

कर्ज अजून फिटलेलं नाही. गेलेली गाय परत येत नाही. पण त्या घरात आता भिंतीच्या भेगा बुजल्या आहेत आणि वही चालू आहे. मुकं जनावर आपल्याकडे अमानत असतं. त्याला बोलता येत नाही, म्हणून बघण्याचं काम आपलं. आज संध्याकाळी दूध काढायला बसाल तेव्हा एकदा खांद्यासमोर हात फिरवून बघा.